तत्त्व आणि व्यवहार

गेल्या पावसाळ्यात दहावीच्या वर्गास आम्ही 'सचोटी' हा विषय निबंधासाठी दिला होता. अपेक्षेप्रमाणे बहुतेक वह्यांतून राजा हरिश्चंद्र अवतरला, काहींनी महात्मा गांधींना पाचारण केले, आणि सर्वांचा शेवट एकाच ठरीव वाक्याने झाला. एका विद्यार्थ्याने मात्र अर्धेच पान लिहिले होते. त्याच्या वडिलांचे शहरात मिठाईचे दुकान आहे आणि संध्याकाळी तो गल्ल्यावर बसतो. त्याने लिहिले होते की, मिठाई तोलताना पुठ्ठ्याचे खोके मिठाईबरोबरच काट्यावर ठेवतात; खोके सुमारे साठ ग्रॅम भरते; म्हणजे एक किलो कुंदा घेणाऱ्यास नऊशे चाळीस ग्रॅमच कुंदा मिळतो आणि उरलेला पुठ्ठा तो कुंद्याच्या भावाने विकत घेतो. खाली एक प्रश्न होता: 'ही लबाडी आहे काय? असल्यास ती आम्ही बंद कशी करावी? कारण बाजारात सगळेच असे करतात.'

वही हातात धरून आम्ही बराच वेळ बसलो. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही त्याला सांगितले की, सचोटीचे फळ शेवटी चांगलेच मिळते. त्याने उभे राहून अगदी नम्रपणे विचारले, "सर, शेवटी म्हणजे केव्हा?"

त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हांस देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा शोध आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. बाजारात उभा असलेला मनुष्य एकाच वेळी दोन वह्या लिहीत असतो. एका वहीत जमाखर्च असतो. दुसरी, जी कोणास दिसत नाही, तीत आपण कोणत्या गोष्टी योग्य मानतो आणि कोणत्या अयोग्य, याची नोंद असते. पुष्कळ माणसे या दोन्ही वह्या मोठ्या नेकीने लिहितात, पण एकीतला आकडा दुसरीत कधी घेत नाहीत. सकाळी देवपूजा, दुपारी वजनात मारामार, आणि वर्षअखेरीस मंदिराला देणगी. अशा माणसास ढोंगी म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. त्याची देवपूजा खरी असते आणि देणगीही मनापासूनची असते. फक्त दुपारचे चार तास तो स्वतःस ओळखत नाही.

या दोन वह्या एक करण्याचा प्रयत्न कोणी केला आहे काय, आणि केला असल्यास त्याला काय किंमत पडली, हे पाहण्यास आम्हां बेळगावकरांना फार दूर जावे लागत नाही. आज ज्या टिळकवाडीतून, म्हणजे जुन्या ठळकवाडीतून, आमचे निम्मे विद्यार्थी सायकलीने शाळेत येतात, तिच्या वाढीच्या इतिहासात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव एका वेगळ्याच प्रकारे गुंतलेले आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचा ओढा चित्रकलेकडे आणि यंत्रांकडे. मुंबईस जाऊन ते जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंग त्यांच्या डोळ्यांना नीट ओळखता येत नसल्याचे आढळून आले, आणि चित्रकार होण्याचा विचार सोडावा लागला. यांत्रिक आलेखन मात्र हातचे सुटले नाही. त्याच बळावर ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. बंधू रामूअण्णा बेळगावात होते. १८८८ मध्ये या भावांनी येथे सायकलींचा व्यापार सुरू केला; लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवाव्या आणि रामूअण्णांनी येथे त्या विकाव्या, असा क्रम होता. पुढे तंत्रशाळेत बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून दुसऱ्यास देण्यात आली. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले.

येथपर्यंतची कथा होतकरू तरुणाच्या कोणत्याही चरित्रात शोभेल अशी आहे. आमच्या विषयाला खरा आरंभ होतो तो यापुढे. सायकल ही त्या काळी श्रीमंतांची चैन होती. तिचा व्यापार सोपा होता: माल दुसऱ्याने करावयाचा, आपण आणून विकावयाचा. लक्ष्मणराव वळले ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि नंतर, १९०३ च्या सुमारास, लोखंडी नांगराकडे. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे असे गिऱ्हाईक सोडून ज्याच्याकडे तो नाही, अशा गिऱ्हाइकाच्या दारी ते गेले. यामागे नुसती व्यापारी दृष्टी होती असे आम्हांस वाटत नाही. कोणती वस्तू करावी हा व्यवसायातला पहिला नैतिक प्रश्न आहे. गंमत अशी की, नीतीवरील व्याख्यानांत तोच बहुधा विसरला जातो. आपण वजन आणि मापे यांवर बोलतो. विकावयाचे काय, यावर बोलत नाही.

नांगराविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आजच्या मुलांनी ट्रॅक्टरच पाहिलेला असतो. जुना लाकडी नांगर जमीन उकरतो, पण उलथीत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. (हा कुंदा म्हणजे तण, आमच्या गावच्या मिठाईशी त्याचा संबंध नाही!) लोखंडी नांगराचे पाते मातीचे ढेकूळ कापून पालथे करते, खालची माती वर येते आणि तणांची मुळे उन्हात पडून वाळतात. असे नांगर विलायतेहून येत असत. तसाच नांगर येथे, येथल्या माणसांच्या हातून आणि येथल्या शेतकऱ्यास पेलेल अशा रीतीने करावा, हा लक्ष्मणरावांचा संकल्प होता.

नांगर तयार झाले, आणि कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांत समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. दोन वर्षे! सायकलीच्या व्यापारात मिळवलेला पैसा गोदामात गंजत पडलेला पाहणे म्हणजे काय, हे ज्याने दुकान चालविले आहे त्यालाच कळेल. अशा वेळी हलके लोखंड वापरून किंमत उतरविणे किंवा गावोगावी भलत्या गोष्टी सांगून माल खपविणे, हे मार्ग कोणासही मोकळे असतात. परंतु नांगराचा व्यवहार विक्रीने संपत नाही. फाळ झिजतो, बोल्ट ढिला होतो, आणि भर पेरणीच्या तोंडावर नांगर मोडला तर एका कुटुंबाचे वर्ष जाते. लाडू फसला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. नांगर फसला तर गिऱ्हाईक सावकाराकडे जाईल. हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. आपल्या मालावर दुसऱ्याचे किती अवलंबून आहे, त्या मानाने सचोटीचे ओझे वाढत जाते.

नांगर हळूहळू खपू लागला, आणि नेमक्या त्याच वेळी बेळगावची जागा सोडण्याचा प्रसंग आला. शहराचा विस्तार करावयाचा होता, ठळकवाडीची नवी वसाहत वसावयाची होती, आणि त्यात कारखान्याची जागा गेली. शहर वाढलेच पाहिजे. पण वाढीची ही किंमत कोणी दिली, हे तेथून जाताना आठवावयास हरकत नाही. त्या वेळी मदतीस धावले ते औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ दिला आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली लक्ष्मणराव आपले सहकारी व कामगार यांच्यासह तेथे गेले. निवडुंग आणि साप यांखेरीज त्या माळावर काही नव्हते. तीच किर्लोस्करवाडी होय.

आता कल्पना करा की, तुमच्या हाती असा कोरा माळ आला आहे. शहरात असताना आपण म्हणू शकतो की, रूढी आहे, शेजारी आहेत, बाजार असाच आहे. माळावर ही सबब उरत नाही. तेथे जे वसेल ते तुमच्या मनातले वसेल. लक्ष्मणरावांनी ठरविले की, वाडीत अस्पृश्यता पाळली जाणार नाही. हे वाक्य आज वाचताना फार साधे वाटते. १९१० साली ग्रामीण मुलखात, जेथे कुशल कामगार मिळणे मुळातच दुर्घट, तेथे हा नियम म्हणजे कामगार निघून जाण्याची जोखीम होती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना कोणी दारात उभे करीत नसे; त्यांतील काहींना लक्ष्मणरावांनी कामावर घेतले, आणि तेही कोणत्या कामावर? रात्रीच्या पहाऱ्यावर! व्यवहारचतुर मनुष्य यास वेडेपणा म्हणेल. परंतु माणूस मुळात वाईट नसतो, हे आपले मत असेल आणि तिजोरीची किल्ली मात्र आपण त्या मतापासून दूर ठेवीत असू, तर ते मत भाषणापुरतेच राहिले म्हणावयाचे.

या ठिकाणी थोडे थांबून एक कसोटी मांडावीशी वाटते. ज्या तत्त्वामुळे नफा होतो, ते तत्त्व आहे की हिशोब, हे ओळखता येत नाही. चांगला माल द्यावा म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा येते, हे खरे. पण ते पुन्हा येते म्हणून जो चांगला माल देतो, तो रेल्वेस्टेशनावर, जेथे तेच गिऱ्हाईक पुन्हा भेटण्याचा संभव नाही, तेथे काय देईल? तत्त्वाची नोंद खर्चाच्या बाजूला होते तेव्हाच ते आपले झाले असे समजावे.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येणे दुर्मिळ झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. पुढे नांगराबरोबर उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, पंप असा माल निघू लागला. १९२० साली कंपनीची रीतसर नोंदणी झाली, आणि त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक काढले. कारखान्याच्या बातम्यांसाठी निघालेले हे पत्रक पुढे महाराष्ट्रातील सामाजिक विचारांचे मासिक झाले आणि १९३० मध्ये त्याच्या शेजारी 'स्त्री' उभे राहिले. नांगर विकणाऱ्यांच्या घरातून स्त्रियांच्या हक्कांवर लिहिणारे मासिक निघावे, हा योगायोग नव्हे. दोन वह्यांची एक वही झाली की असले काही घडते.

तथापि, आम्हांस येथे चरित्रनायकाची आरती ओवाळावयाची नाही. मालकाच्या भलेपणावर उभी असलेली वसाहत ही शेवटी मालकाची वसाहत असते. कामगाराने कसे राहावे, हे जेथे मालक ठरवितो, तेथे त्याच्या हेतूंची शुद्धता हीच कामगाराची एकमेव हमी ठरते. आणि मालक बदलला तर? १९४८ चा कारखाना कायदा आणि १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा हे याच प्रश्नाचे उत्तर होते: चांगल्या मालकाने स्वखुशीने जे द्यावे, ते वाईट मालकासही द्यावेच लागावे. तत्त्वनिष्ठ मनुष्य भेटला म्हणून कायदा अनावश्यक ठरत नाही.

सचोटीचे फळ शेवटी चांगलेच मिळते, या आमच्या वाक्याचे काय झाले तेही पाहू. १९४८ च्या आरंभी गांधीजींच्या हत्येनंतर जाळपोळीचा जो डोंब उसळला, त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटविण्यात आला. लक्ष्मणराव तेव्हा एकोणऐंशीच्या घरात होते. अडतीस वर्षांपूर्वी ज्या माळावर निवडुंग उपटला तेथे आता राख होती. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीस सरकारने टपालाचे तिकीट काढले. तेव्हा फळ कोणते समजावे? राख, की तिकीट? ज्यास फळासाठीच चांगले वागावयाचे आहे, त्याने १९४८ साली हात टेकले असते.

हे सर्व आम्ही वर्गात सांगितले. मुलाने ते घरी सांगितले, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचा निरोप घेऊन आला: "बाबा म्हणाले, त्यांना राजा भेटला. आम्हांला कोण भेटणार?"

निरोप मार्मिक होता, हे आम्ही कबूल केले. लहान दुकानदारास बत्तीस एकर माळ मिळत नाही. म्हणून एक घरची हकीकत सांगतो. आमच्या आजोबांचे कारवारास किराणा मालाचे लहानसे दुकान होते. १९५८ पासून देशात टप्प्याटप्प्याने किलोग्रॅमची वजने आली; पण गिऱ्हाईक कित्येक दिवस शेरच मागत राहिले. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. तो नव्या वजनांनी तोलावयाचा, तर पाचशे, दोनशे, दोनशे, वीस, दहा, दोन आणि एक, अशी सात वजने पारड्यात टाकावी लागत. शेजारचा दुकानदार पहिली तीनच टाकी. त्यात ९०० ग्रॅम होत, आणि गिऱ्हाइकास नवी वजने कळत नसल्याने कोणी विचारीत नसे. आजोबा सातही टाकीत. दुकानात गर्दी झाली म्हणजे आजी कोंकणीतून कुरकुरे, माणसे ताटकळतात म्हणून. तरी ते सातही टाकीत. आणि ही गोष्ट विशेष की, हाताखालच्या पोरासही त्यांनी तसेच शिकविले, व त्याच्या हातून उशीर झाला म्हणून त्याला कधी बोलले नाहीत. मालकाने सचोटीचा उपदेश करावा आणि पगार मात्र विक्रीच्या आकड्यावर द्यावा, यासारखी नोकराची दुसरी कुचंबणा नाही. आपल्या तत्त्वाचा भार नोकराच्या खांद्यावर टाकून आपण मोकळे होणे, ही मोठ्या पेढ्यांतून आजही नित्य दिसणारी गोष्ट आहे.

शेरामागे ३३ ग्रॅम! मुलाने फळ्यावर गणित केले: चाळीस शेरांच्या मणास १ किलो ३२० ग्रॅम, रोज मणभर साखर-गूळ विकला जात असेल, तर महिन्याला जवळजवळ चाळीस किलो. खडू खाली ठेवून त्याने विचारले, "मग शेजाऱ्याचं पुढे काय झालं, सर?"

खोटे सांगणे शक्य नव्हते. शेजाऱ्याचे दुकान वाढले. आजोबांचे पुढे बंद पडले. त्याला इतरही कारणे होती, पण चाळीस किलो हे त्यांतले एक नव्हतेच असे आम्हांस छातीठोकपणे म्हणता येणार नाही. आजोबांना याचे दुःख होते काय? दुकान गेल्याचे होते. सात वजनांचे नव्हते. ती वजने आजही आमच्या घरी एका लाकडी डब्यात आहेत. एक ग्रॅमचे तेवढे हरवले आहे.

त्यानंतर आम्ही सर्वांनी मिळून मिठाईच्या दुकानाचे गणित मांडले. कायद्याची बाजू स्पष्ट आहे: २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्याप्रमाणे वजन म्हणजे निव्वळ मालाचे वजन, त्यात वेष्टन धरता येत नाही. पण कायद्याच्या धाकाने प्रश्न सुटला असता, तर तो मुलाने निबंधात लिहिलाच नसता. अडचण भावाची आहे. पाचशे रुपये किलोने नऊशे चाळीस ग्रॅम देणाऱ्यास पूर्ण किलो देऊन तेवढेच उत्पन्न हवे असेल, तर भाव सुमारे ५३२ रुपये करावा लागेल. आणि पाटीवर ५३२ वाचून गिऱ्हाईक पाचशेच्या दुकानात जाईल. एका मुलीने सुचविले की, खोक्याचे निराळे पाच रुपये घ्यावेत आणि तसे पाटीवर लिहावे. दुसऱ्याने म्हटले, ज्याला घरचा डबा आणावयाचा असेल त्याने आणावा. तिसऱ्याचे म्हणणे, भाव तोच ठेवून नफा थोडा कमी करावा, त्यावर दुकानदाराचा मुलगा चटकन म्हणाला, "थोडा म्हणजे किती, ते आधी सांग." वर्गात असा वाद आम्ही पूर्वी ऐकला नव्हता. हरिश्चंद्राचे नाव एकदाही निघाले नाही.

आमचे स्वतःचे मत पाटीच्या बाजूचे आहे. गिऱ्हाइकास जे दिसत नाही ते दाखविले, म्हणजे किमान कोणी कोणास फसविले नाही. मग त्याने कोणते दुकान निवडावे हा त्याचा प्रश्न. यात काही गिऱ्हाइके जातील. किती जातील हे आधी मोजून, तेवढे नुकसान आपले घर सोसू शकेल काय हे पाहून मगच पाटी लावावी; दोन महिन्यांनी उतरवावी लागणारी पाटी न लावलेली बरी. मुलाने हे सर्व वहीत लिहून घेतले.

दिवाळीच्या सुटीपूर्वी आम्ही त्या दुकानात अर्धा किलो कुंदा घेण्यास गेलो. मुलगा गल्ल्यावर होता. वडिलांनी हसून "या सर" म्हटले, रिकामे खोके विजेच्या काट्यावर ठेवले, बटण दाबून आकडा शून्यावर आणला, आणि मग कुंदा भरण्यास सुरुवात केली. भिंतीवर पाटी नव्हती. आमच्या मागे आणखी दोन गिऱ्हाइके उभी होती. त्यांच्या वेळी खोके कसे ठेवले गेले, ते पाहण्यास आम्ही थांबलो नाही. परंतु निघताना मागे वळून पाहिले, तेव्हा मुलाची नजर गल्ल्यावर नव्हती, काट्यावर होती.